यंत्राची वही तपासताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. एआयवर बोलायचं, वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही, आणि सगळ्यांना कळेल असं बोलायचं. पहिल्या दोन पाळता येतील. तिसरीसाठी मी पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या मराठीच्या बाईंकडे बघून बोलणार आहे. बाईंना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. आणि नाही पटलं तर त्या मधेच थांबवतील, ही खात्री मला तीस वर्षांनंतरही आहे.

आधी एक कबुली. शाळेत शुद्धलेखनात माझी वही लालेलाल असायची. ऱ्हस्व-दीर्घ हा माझा जन्माचा शत्रू. गणिताच्या सरांच्या कृपेने इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, आणि गेली काही वर्षं रोमानियात क्लुज-नापोका नावाच्या शहरात असते. हे शहर ट्रान्सिल्व्हेनियात आहे. मघाशी चहाच्या वेळी चौघांनी मला ड्रॅक्युलाबद्दल विचारलं. तो काही भेटला नाही. मला भेटलं ते तिथलं व्याकरण, आणि ते ड्रॅक्युलापेक्षा जास्त रक्त पितं.

माझं काम एका वाक्यात सांगते. चॅटजीपीटीच्या जातीची जी यंत्रं आहेत, ती लोकांना रोमानियन भाषा नीट शिकवतात का आणि तिच्यात नीट भाषांतर करतात का, हे तपासणं. म्हणजे जिची वही कायम लाल असायची, ती आता दुसऱ्याच्या वह्या तपासते. बाई हसताहेत, पण हे खरं आहे.

आता रोमानियन कशासाठी? तिथली लाखो माणसं इटलीत, स्पेनमध्ये कामाला गेली. मग बांधकामावर, हॉटेलात, कारखान्यात माणसं कमी पडायला लागली. २०२२पासून काही वर्षं तिथल्या सरकारने बाहेरच्या देशांतून दरवर्षी एक लाखापर्यंत नवे कामगार आणायला परवानगी दिली. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आणि आपल्या देशातूनही माणसं तिथे गेली. त्यांना इंग्रजी थोडं येतं, रोमानियन अजिबात नाही. पण मुकादम रोमानियनमध्ये बोलतो, औषधाची चिठ्ठी रोमानियनमध्ये असते आणि सही करायचा करारही रोमानियनमध्येच. अशा माणसांना मोबाइलवर भाषा शिकवणारं एक ॲप आमच्या कंपनीने करायला घेतलं. आत यंत्र बोलणार, शिकणाऱ्याने लिहिलेलं वाक्य दुरुस्त करणार आणि का दुरुस्त केलं ते सांगणार. ते यंत्र लायक आहे की नाही, हे ठरवणं माझ्याकडे होतं.

ही भाषा लॅटिनच्या पोटची. इटालियनची बहीण म्हणा. पण मी ती शिकायला लागले तेव्हा मला वारंवार घरचं काहीतरी सापडायचं. त्यांच्यात 'तू' म्हणजे चक्क तू. दोनाला 'दोय'. 'नोवअ' म्हणजे नऊ, आणि स्त्रीलिंगी 'नवी' म्हणजेही 'नोवअ'. आपल्याकडे 'नव' या शब्दाची तीच गंमत आहे. तिथला एक उच्चार इंग्रजी माणसाला सांगताना नाकी नऊ येतात. आपल्याला तो 'चाक' आणि 'चमचा' यांतल्या च ने सहज कळतो.

तीन लिंगं त्यांच्यातही आहेत. पण त्यांचं नपुंसकलिंग भलतंच चतुर. एक असताना पुल्लिंगासारखं वागतं आणि अनेक झाली की स्त्रीलिंगासारखं. खुर्चीला 'स्काउन' म्हणतात. एक खुर्ची 'उन स्काउन', यातला 'उन' पुल्लिंगी. दोन खुर्च्या 'दोवअ स्काउने', यातलं 'दोवअ' स्त्रीलिंगी. ही खुर्ची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तपासणीकडे येते. यंत्राने भाषांतर केलं तर ते बरोबर आहे हे कसं ठरवायचं? एक जुनी आणि सोपी पद्धत आयबीएमच्या संशोधकांनी २००२मध्ये मांडली. तिचं नाव ब्ल्यू. माणसाने केलेलं भाषांतर शेजारी ठेवायचं आणि यंत्राच्या भाषांतरातले किती शब्द, किती शब्दांच्या जोड्या आणि तुकड्या त्याच्याशी जुळतात ते मोजायचं. आपण गाइडमधलं उत्तर शेजारी ठेवून शेजाऱ्याचा पेपर तपासायचो, तसंच. पद्धत स्वस्त आहे, क्षणात आकडा देते, आणि अनेक वर्षं सगळं जग तिच्यावर चाललं.

तिची मेख कुठे आहे ते सांगते. औषधाच्या चिठ्ठीवर वाक्य आहे: 'हे औषध उपाशीपोटी घेऊ नका.' रोमानियनमध्ये यातला नकार म्हणजे सुरुवातीचा 'नु' हा इवलासा शब्द. यंत्राने तो 'नु' गाळला, बाकी सगळं वाक्य तंतोतंत लिहिलं, तर गुण भरघोस पडतात, कारण एकच शब्द चुकलाय. अर्थ मात्र उलटा. रोग्याच्या पोटात काय गेलं, हे त्या आकड्याला कळत नाही.

पुढे याहून हुशार मोजमापं आली. काही अक्षरांच्या पातळीवर जुळवतात, काही अर्थाची जवळीक बघतात. आणि अलीकडची रीत तर अशी की एका यंत्राचा पेपर दुसऱ्या यंत्राने तपासायचा. ही रीत मीही वापरते, नाही असं नाही. पण दोघं एकाच क्लासला गेलेले असतील तर दोघांच्या चुका सारख्याच असतात, आणि त्यांना आपलं मराठी-इंग्रजी सगळं एकदम झकास वाटतं. शिवाय पेपर फुटण्याचा प्रश्न. जगभर वापरली जाणारी चाचणीची वाक्यं अनेकदा इंटरनेटवर जाहीर असतात. यंत्राने शिकताना इंटरनेटच वाचलेलं असतं. मग त्याला पैकीच्या पैकी पडले तर ते हुशार म्हणायचं की त्याला पेपर आधीच मिळाला होता?

हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकी माहीत होतं. तरी जे झालं ते सांगते.

आमच्या यंत्राचे आकडे उत्तम आले. भाषांतर उत्तम, व्याकरणदुरुस्ती उत्तम. तारीख जवळ आली होती. मी अहवाल लिहिला, खाली सही केली, आणि संध्याकाळच्या एका वर्गात ते पंचवीसेक कामगारांच्या हातात दिलं. वर्गावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. तिथे मुलं शिक्षिकेला 'दोआम्ना' म्हणतात, म्हणजे आपल्या 'बाई'. मीही त्यांना दोआम्नाच म्हणते. आयुष्यभर शाळेत रोमानियन शिकवलेल्या, कागदावर पेन टेकवल्याशिवाय विचार न करणाऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. वर्गात हॉटेलात साफसफाई करणारी एक नेपाळी मुलगी होती, सगळ्यांत बोलकी. ती गप्प झाली होती. दोआम्नांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिने ॲपमध्ये लिहिलं होतं, 'मी थकले आहे.' रोमानियनमध्ये पुरुष 'ओबोसित' म्हणतो आणि बाई 'ओबोसितअ'. आपलं 'थकलो' आणि 'थकले' आहे ना, अगदी तसंच. तिने बरोबर लिहिलं होतं. यंत्राने तिला 'ओबोसित' असं दुरुस्त करून दिलं, वर छान समजावूनही सांगितलं. तिने ते पाठ केलं. कामावर मुकादमासमोर 'मी थकलो' म्हणाली. सगळे हसले. त्यात दुष्टावा नसेलही, पण त्या दिवसापासून तिने रोमानियन बोलणं सोडलं. हातवारे करायची.

दोआम्ना मला एवढंच म्हणाल्या, "चुकीचं भाषांतर माणूस दुसऱ्याला विचारून सुधारतो. पण बरोबर लिहिलेल्यावर तुम्ही रेघ मारलीत, तर तो विचारणार कोणाला? त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. त्या वहीवरची रेघ यंत्राची होती, पण खालची सही माझी होती.

मग आम्ही पहिल्यापासून बसलो. दोआम्ना, त्यांची एक जुनी सहकारी आणि मी. स्वयंपाकघरातलं टेबल, शिकणाऱ्यांनी लिहिलेली वाक्यं छापून काढलेली, आणि दोघींच्या हातात पेन. दोघींनी एकमेकींचं न बघता तपासायचं, आणि जिथे मत वेगळं पडेल तिथे बसून बोलायचं. बोर्डाच्या पेपरला मॉडरेटर असतो ना, ते काम चर्चेने व्हायचं. त्या टेबलावर जे सापडलं, त्यातल्या काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, यंत्राला दुरुस्तीची खोड आहे. 'हे तपास' म्हटलं की त्याला वाटतं, काहीतरी चूक असणारच. आमच्या चाचणीतली बहुतेक सगळी वाक्यं चुकीची होती. म्हणजे यंत्राला चूक सापडते का एवढंच आम्ही बघितलं होतं. बरोबर वाक्य दिल्यावर ते हात आवरतं का, हे बघितलंच नव्हतं. खरं तर हे शहाणपण आमच्या धंद्यात आधीपासून आहे. २०१४ला इंग्रजी व्याकरणदुरुस्तीची एक मोठी जाहीर स्पर्धा झाली. तिच्यात गुण देताना, केलेल्या दुरुस्त्यांपैकी किती बरोबर याला किती चुका पकडल्या यापेक्षा दुप्पट वजन दिलं होतं. एक चूक नजरेतून सुटली तर चालेल, पण बरोबरला चूक म्हणू नका, असा त्याचा अर्थ. मी हे वाचलेलं होतं. पण चाचणीची वाक्यं गोळा करताना विसरले. आता आमच्या चाचणीत निम्मी वाक्यं पूर्ण बरोबर असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ती खुर्ची. एकाने 'ओ स्काउन' असं लिहिलं, म्हणजे खुर्चीला स्त्रीलिंगी 'एक' लावला. यंत्राने बरोबर दुरुस्ती केली, 'उन स्काउन'. आकड्यांच्या हिशेबात पूर्ण गुण. पण कारण काय दिलं? 'कारण स्काउन हा शब्द पुल्लिंगी आहे.' साफ चूक. तो नपुंसकलिंगी आहे. शिकणाऱ्याने विश्वास ठेवला आणि पुढच्या आठवड्यात दोन खुर्च्यांना पुल्लिंगी 'दोय' लावून मोकळा झाला. आपले गणिताचे सर म्हणायचे, "उत्तर बरोबर, रीत चूक, म्हणजे नशीब बरोबर." आमच्या मोजमापाने नशिबालाच गुण दिले होते. तेव्हापासून आम्ही दुरुस्ती वेगळी तपासतो आणि दिलेलं कारण वेगळं तपासतो.

तिसरी गोष्ट अहो-जाहोची. रोमानियनमध्ये 'तू' आहे, मानाचं 'दुम्न्यावोआस्त्रअ' आहे, आणि या दोहोंच्या मधलं, थोडं जुन्या वळणाचं 'दुम्न्याता' आहे. आपल्या तू, तुम्ही, आपण यांच्याशी ते नेमके जुळत नाहीत, पण पायऱ्या असतात हे आपल्याला उपजत माहीत असतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मी मराठीत लिहिलं, 'आजी, तुम्ही औषध घेतलंत का?' आणि यंत्राने आजीला रोमानियनमध्ये सरळ अरे-तुरे केलं. या यंत्रांनी शिकताना जे वाचलं त्यात इंग्रजीचा भरणा प्रचंड. आमच्या चाचणीत असं वारंवार दिसलं, की मराठीतला मान आणि बाईमाणसाचं 'थकले' हे दादरला गाडी बदलताना फलाटावरच राहून जातं. सामान पोचतं, पिशवी राहते.

याची उलट बाजू मला जास्त गमतीची वाटते. रोमानियनमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्या आधी 'पे' लावतात, वस्तू असेल तर बहुधा लावत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे फार जड जातं. यंत्र आमच्या कामगारांना ते इंग्रजीच्या वाटेने समजावत होतं, 'ही एक अवघड, वेगळी गोष्ट आहे' अशी प्रस्तावना करून. अरे, अवघड कोणाला? आपण 'मी घर बघते' म्हणतो, पण 'मी मारियाला बघते' म्हणतो. हिंदीत 'को' आहे, नेपाळीत 'लाई' आहे. दोआम्नांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर 'पे'च्या शेजारी 'ला', 'को', 'लाई' असं मला लिहायला लावलं. दहा मिनिटांत वर्गाला कळलं. ती नेपाळी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा परत बोलली. मुद्दा असा की, चांगला शिक्षक समोरच्याला आधीच काय येतं ते बघतो. यंत्र तपासताना हेही तपासायला हवं, हे मला कोणत्याही शोधनिबंधात आधी सापडलं नव्हतं.

चौथी गोष्ट अक्षरांची. रोमानियनमध्ये काही अक्षरांखाली स्वल्पविरामासारखी खूण असते. संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य तक्त्यात त्या अक्षरांना स्वतःची जागा १९९९मध्ये मिळाली. तोवर लोक तशीच दिसणारी दुसरी अक्षरं वापरत होते. दिसायला एक, संगणकाला दोन वेगळी. आणि फोनवर घाईत लिहिताना लोक खुणाच गाळतात. मग 'मुलगी' आणि 'चेहरा' हे दोन शब्द सारखेच दिसायला लागतात. 'तुझी मुलगी सुंदर आहे' आणि 'तुझा चेहरा सुंदर आहे' यांत गफलत झाली तर काय होईल, हे मी इथे सांगत नाही. इथे छपाईच्या व्यवसायातले मित्र बसले आहेत, त्यांना जुन्या श्रीलिपीच्या फाइली आणि 'ऱ्या'चे दोन प्रकार आठवत असतील. दुखणं तेच. आमचा तपासनीस प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर जुळवायचा आणि बरोबर शब्दाला चूक ठरवायचा. म्हणजे बरोबरवर रेघ मारण्यात मीही यंत्राच्या मागे नव्हते.

तसंच शुद्धलेखनाचं. 'मी आहे' हा शब्द दोआम्ना लहानपणी एका पद्धतीने लिहायला शिकल्या. १९९३मध्ये त्यांच्या अकादमीने नियम बदलला आणि मधलं अक्षर बदललं. २००५च्या कोशाने काही जोडशब्द एकत्र लिहायला सांगितले. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी डोक्यावरचे अनुस्वार गेले आणि आजोबांची पत्रं एकदम 'अशुद्ध' झाली, त्याचीच ही बहीण. यंत्राने दोन्ही काळांचं वाचलेलं असतं. ते एकाच उत्तरात दोन्ही वापरतं आणि कोणाला तरी चूक म्हणतं.

यातून आम्ही तपासणीची रीत बदलली. आकडे टाकून दिले नाहीत. काल चालत होतं ते आज बिघडलं का, एवढं कळायला ते उपयोगी आहेत. पण लायक की नालायक हे आता पेन ठरवतं. प्रत्येक चुकीवर खूण करायची आणि तिचं वजन ठरवायचं. गुगलच्या संशोधकांनी २०२१मध्ये भाषांतर तपासताना किरकोळ चुकीला एक आणि मोठीला पाच असं वजन वापरलं होतं. आम्ही त्यावर आमची एक ओळ जोडली: औषध, पगार, करार आणि यंत्रावरची धोक्याची सूचना यांत अर्थ उलटा झाला तर बाकी काहीही न बघता नापास.

आता एक शेवटची चाचणी, आणि त्यासाठी मला आपल्या आठवीच्या वर्गात जायचंय.

आठवीत बाईंनी निबंध दिला होता, 'माझी आई'. मी लिहिलं होतं, आई सकाळी भाकरी आणि कोरड्यास करते. बाई तेव्हा कोकणातून नव्याने आपल्या शाळेत आल्या होत्या. त्यांनी 'कोरड्यास'खाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'अर्थ लागत नाही'. मला इतकी लाज वाटली की घरी आईने कोरड्यास वाढलं तेव्हा मी जेवले नाही. आपल्या घरात चुकीचं बोलतात, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या. हजेरीच्या आधी माझी वही मागितली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल मी या शब्दावर रेघ मारली. शिपाईमामांना विचारलं. इकडे कालवणाला कोरड्यास म्हणतात. शब्द बरोबर आहे, चूक माझी." आणि रेघेवर काट मारून सही केली. त्याच तासाला मी ऱ्हस्व-दीर्घावरून हुज्जत घातली, तेव्हा मात्र एक इंचही हलल्या नाहीत.

आता यंत्राचं ऐका. त्याने बरोबर दुरुस्ती केलेली असते. शिकणारा नुसता म्हणतो, "पण माझा मित्र तर असं म्हणाला." यंत्र लगेच, "क्षमा करा, तुमचं बरोबर आहे." म्हणजे माफी मागायला ते बाईंपेक्षा पुढे. पण बरोबर असतानाही माफी मागतं आणि चूक असताना छातीठोक सांगतं. त्याची माफी आणि त्याची खात्री, दोन्हींना सारखीच किंमत, म्हणजे काहीच नाही. आमची नवी चाचणी हीच आहे. बरोबर असताना त्याला चुकीचा आग्रह करायचा, चूक असताना खरा पुरावा द्यायचा, आणि बघायचं कुठे हलतं, कुठे थांबतं. नवी यंत्रं पूर्वीपेक्षा सुधारली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण या पेपरात ती अजून सगळ्यांत जास्त घसरतात. माझ्या संगणकावर या चाचणीच्या फोल्डरचं नाव 'कोरड्यास' आहे. रोमानियन सहकारी मला त्याचा अर्थ विचारतात. मी म्हणते, जेवायला या, मग सांगते.

शेवटचं बोलते आणि बसते, घंटेकडे बघणाऱ्यांची मला कल्पना आहे.

रोमानियाची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ९० लाख होती. मराठी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. तरी रोमानियन विकिपीडियावर मराठीच्या कितीतरी पट लेख आहेत. २००७मध्ये तो देश युरोपीय संघात आला, तेव्हापासून संघाचे कायदे, तिथल्या संसदेतली भाषणं त्या भाषेत होत गेली आणि यंत्रांना वाचायला मिळाली. तिथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी २०२४मध्ये खास रोमानियनसाठी घडवलेली मॉडेल्स सर्वांना खुली करून दिली. एवढं सगळं असून यंत्र एका मुलीला 'थकले' म्हणू देत नव्हतं. तर आपल्या मराठीची वही केवढी लाल असेल, विचार करा. तुमची मुलं आत्ताच या यंत्रांकडून निबंध तपासून घेताहेत. ते त्यांच्या कोरड्यासवर रेघ मारत असेल, आणि मूल आईकडे वेगळ्या नजरेने बघत असेल.

म्हणून एक मागणं. आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजनांनी आणि वर्गातल्या तुम्ही सगळ्यांनी मला वाक्यं द्यावीत. चुकीची यंत्र स्वतःच भरपूर करतं. मला बरोबर वाक्यं हवी आहेत, तुमच्या घरी, शेतात, दुकानात बोलली जाणारी, ज्यांच्यावर कोणी रेघ मारू नये अशी. कागदावर लिहून द्या, फोनवर बोलून पाठवा, कसंही. ती एकत्र करून, दोन जणांनी वेगवेगळी तपासून, कोणालाही वापरता येतील अशी खुली ठेवण्याचं काम माझं.

दोआम्नांनी मागच्या महिन्यात, मी इकडे यायला निघाले तेव्हा, मला एक पेन दिलं. म्हणाल्या, तुला ज्यांनी शिकवलं त्यांना दे. बाई, ते मी आणलंय. शाई लालच आहे.